पीप साईट बसवताना या चुका टाळा

एअर रायफलच्या ओपन साईटवर, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरून, ग्रुप जमायला लागला, म्हणजे छर्रे जवळजवळ पडायला लागले, की पुढची पायरी पीप साईटची, म्हणजे बारीक भोकातून बघायच्या मागच्या साईटची. रायफल तीच, दस्ता तोच, फक्त साईट बदलायची. पाच मिनिटांचं काम समजून लोक थेट रेंजवरच ॲलन की काढतात. मग तासभर छर्रे उडवूनही नऊच्या रिंगच्या आत काही पडत नाही आणि निकाल ठरलेला असतो: "सर, साईटच खराब हाय!" साईट क्वचितच खराब असते.

कोल्हापूरला नेमबाजीचं वेड जुनंच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य आणलं. पण ही दोन्ही पदकं ५० मीटरची, पॉइंट टू टू रायफलची. आपली पोरं १० मीटरवर ४.५ मिलिमीटरची एअर रायफल चालवतात. ५० मीटरचे व्हिडिओ बघून वाऱ्याचा हिशोब करत बसायचं इथं कारण नाही.

सगळ्यात मोठी चूक साईटवर होतच नाही, ती गालपट्टीवर, म्हणजे दस्त्यावर गाल टेकायच्या भागावर, होते. पीप साईटचं भोक ओपन साईटच्या खाचेपेक्षा बरंच वर असतं. म्हणजे डोळाही तेवढाच वर जायला हवा. गालपट्टी मात्र जुन्याच उंचीवर राहते. मग पोरगं मान ताणून, गाल अधांतरी ठेवून भोकातून बघतं. पहिले दहा शॉट निभावतात, पुढे मान दुखायला लागते, गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो आणि ग्रुप उभा ताणला जातो. तपासायची रीत साधी आहे. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, मान सैल सोडून गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. फोरसाईटची (नळीच्या टोकावरच्या पुढच्या साईटची) रिंग भोकाच्या मधोमध दिसली तर उंची बरोबर. रिंग खालच्या कडेला सरकलेली दिसली तर डोळा खाली आहे, गालपट्टी वर घ्या. दस्त्यावर ती सोय नसेल तर फोमची पट्टी कापून टेपनं चिकटवा. दिसायला बरं नाही, पण काम होतं. हे जमेपर्यंत साईटच्या नॉबला हात लावू नका.

आता राइजरबद्दल, म्हणजे साईट उंच करायच्या ठोकळ्याबद्दल. मान लांब असलेल्या मुलांसाठी साईट वर घ्यावी लागते. विकतचा राइजर महाग म्हणून बरेच जण शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडून ठोकळा करून आणतात. आपल्याकडचे कारागीर तसला ठोकळा झकास करतात, त्यात वाद नाही. फक्त सांगताना माप नीट सांगा. पुढचा आणि मागचा ठोकळा एकाच उंचीचा हवा. दोन्ही साईटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरलं आणि मागचा ठोकळा १ मिलिमीटर जास्त झाला, तर १० मीटरवर छर्रा साधारण साडेबारा मिलिमीटर वर जातो. टार्गेटवर एका रिंगची रुंदी अडीच मिलिमीटर. म्हणजे पाच रिंगांचा फरक, आणि तो भरून काढायला नॉब फिरवत बसायचं. ठोकळ्याला रेलच्या (रायफलवरच्या साईट बसायच्या पट्टीच्या) ११ मिलिमीटरच्या डोव्हटेलचा खाचा तिरका पडला असेल तर साईटच वाकडी बसते, मग कुठलाच हिशोब लागत नाही.

उंच साईटबरोबर आणखी एक दुखणं येतं. रायफल किंचित उजवीकडे कलली की छर्रा उजवीकडे आणि खाली जातो, आणि साईट जेवढी उंच तेवढी ही चूक मोठी दिसते. फोरसाईटमध्ये स्पिरिट लेव्हल असेल तर सुरुवातीला लावून ठेवा. कललेली रायफल चुकीची नाही, दर वेळी वेगळी कलणं चुकीचं.

फोरसाईटची रिंग निवडताना "बारीक रिंग म्हणजे अचूक नेम" असं बहुतेकांना वाटतं. जरा हिशोब करा. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा. डोळ्यापासून फोरसाईट साधारण ९० सेंटिमीटरवर असेल, तर तो काळा गोल तिथं पावणेतीन मिलिमीटर एवढा दिसतो. त्यावर ३ मिलिमीटरची रिंग लावली की भोवती पांढरं जवळपास उरतच नाही. रायफल थोडी हलली की काळा रिंगला चिकटतो, पोरगं बिचकतं आणि चाप ओढायला उशीर करतं. नवख्यानं ४ मिलिमीटरच्या आसपास सुरू करावं. पांढरी कडा जाड आणि सगळीकडे सारखी दिसली की पुरे.

नॉब कुठं फिरवायचा, इथं तर हमखास गोंधळ. स्कोपवर (दुर्बिणीच्या साईटवर) बाण असतो तो छर्रा जिकडे न्यायचा तिकडचा. जर्मन बनावटीच्या बऱ्याच पीप साईटवर मात्र उलटं: छर्रा उजवीकडे लागत असेल तर उजवीच्या खुणेकडे फिरवायचं. स्कोपची सवय लागलेला माणूस इथं चुकीच्या दिशेला जातो आणि ग्रुप आणखी लांब पळतो. आपल्या साईटचं मॅन्युअल वाचा. नसेल तर पाच शॉट मारा, नॉब एका बाजूला दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर मोजून दहानं भागलं की दिशाही कळते आणि एका क्लिकची किंमतही. एका शॉटवरून साईट हलवणाऱ्याचा झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी येणं, कधीच लागत नाही.

स्प्रिंगच्या रायफलवर स्कोप चढवायची हौस असेल तर एअरगनसाठी बनवलेलाच घ्या. स्प्रिंग पिस्टन मागेपुढे असा दुहेरी धक्का देतो, साध्या स्कोपची आतली मांडणी त्यानं ढिली होते. सरकणं अडवणारी स्टॉप पिन नसेल तर माउंट (स्कोप धरणारी पकड) रेलवर मागे सरकत जातो. आणि स्कोप बसला म्हणून उसात शिरणाऱ्या डुकरावर किंवा राधानगरीकडच्या गव्यावर नेम धरायचा विचार कुणी करत असेल तर तो इथंच सोडा. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, आणि छर्ऱ्यानं जनावर फक्त जखमी होऊन तडफडतं.

पावसाळ्यातल्या दोन गोष्टी. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दुपारीसुद्धा अंधारून येतं. मागचा आयरिस (पीप साईटचं लहानमोठं करता येणारं भोक) उन्हाळ्यात १ मिलिमीटरवर ठेवलेला असतो, तो तसाच राहिला तर टार्गेट मळकट दिसतं आणि डोळा लवकर थकतो. जरा उघडा, पण एकदा ठरवलं की त्या सत्रात बदलू नका. दुसरं, साईटच्या स्क्रूला गंज चढतो. पुसून तेलाचा हलका हात द्या. तेल स्प्रिंग रायफलच्या नळीत किंवा पिस्टनच्या बाजूला मात्र जाऊ देऊ नका, दाबाखाली ते पेट घेतं आणि छर्ऱ्याचा वेग वेडावाकडा होतो.

हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीवर सगळं जागेवर असून शॉट हळूहळू खाली उतरत असतील, तर साईट सोडा आणि सिलिंडरचं गेज बघा. हवा ठरलेल्या दाबाखाली गेली की छर्रा मंदावतो. अशा वेळी नॉब वर फिरवून घरी गेलात, तर दुसऱ्या दिवशी सिलिंडर भरल्यावर तोच ग्रुप काळ्याच्या वर चढलेला सापडेल.