होम थिएटरचा रिसीव्हर: घेताना काय पाहायचं आणि बिघडला वाटला तर काय तपासायचं

होम थिएटर करायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी टीव्ही ठरतो, मग स्पीकर, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो रिसीव्हर येतो. खरं तर सगळा कारभार याच डब्याकडे असतो. सेट-टॉप बॉक्स, ओटीटीची स्टिक, गेमिंग कन्सोल, ब्लू-रे प्लेअर या सगळ्यांचा सिग्नल आधी इथे येतो. चित्र इथून टीव्हीकडे जातं, आवाज उलगडून प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा वाटा मिळतो, आणि तो वाजवायची ताकदही इथूनच पुरवली जाते. त्यामुळे कुठेही गडबड झाली तरी नाव रिसीव्हरचंच निघतं. माझं सांगणं एवढंच आहे की दुकानात त्याला वॅटवरून जोखू नका, आणि घरी तारा, जोडण्या नि सेटिंग तपासल्याशिवाय तो दुरुस्तीला नेऊ नका.

आधी खोली मोजा

५.१, ७.१, ५.१.२ हे आकडे म्हणजे स्पीकरची मोजदाद. पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा), तिसरा छतातल्या स्पीकरचा. तुमच्या खोलीत यातलं काय मावतं, हे दुकानात जायच्या आधीच ठरायला हवं.

फ्लॅटमधला १० बाय १५ फुटांचा हॉल आणि मागच्या भिंतीला टेकलेला सोफा, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. अशा खोलीत ७.१ च्या नादी लागू नका. मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या पाठीमागे काही अंतरावर असावे लागतात, आणि सोफ्यामागे तर हात घालायलाही जागा नसते. तेवढेच सात चॅनल वापरून ५.१.२ करता येतं: पाच स्पीकर खाली, दोन छतात. अ‍ॅटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आल्यासारखं वाटण्याचा, परिणाम छतातल्या स्पीकरनेच जाणवतो. घर भाड्याचं असेल आणि छताला भोक पाडायची मुभा नसेल, तर सरळ ५.१ घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या सेंटर स्पीकरमध्ये (संवाद वाजवणारा मधला) नि सबवूफरमध्ये घाला. त्या पैशांचं चीज होतं.

नव्या घराचं काम चालू असेल तर पीओपी होण्याआधी स्पीकरच्या तारा आणि टीव्हीपर्यंतची एचडीएमआय केबल टाकून घ्या. इलेक्ट्रिशियन सवयीने नेहमीचा बारीक पाइप टाकतो, त्यातून एचडीएमआयचा प्लग जात नाही. प्लग हातात धरून, तो पाइपातून आणि वळणातून आरपार जातो की नाही हे प्रत्यक्ष करून बघा, मगच भिंत बुजवू द्या. टीव्ही लांब असेल तर फायबरची एचडीएमआय केबल घ्यावी लागते, आणि तिला दिशा असते: एक टोक रिसीव्हरचं, एक टीव्हीचं. उलटी टाकली तर चित्र येत नाही, आणि ते कळतं रंगकाम झाल्यावर.

वॅटचा आकडा कसा वाचायचा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५० वॅट लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत मात्र १ चॅनल, ६ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध), १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन असं असतं. म्हणजे एकच स्पीकर, एकच स्वर, आणि आवाज फाटेपर्यंत पिळलेला. याला काही अर्थ नाही. माहितीपत्रकात ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, २ चॅनल आणि ०.१ टक्क्याच्या आतलं डिस्टॉर्शन, असा आकडा शोधा. तिथे तोच रिसीव्हर ८० वॅटचा निघतो, आणि तुलना करायची ती याच आकड्यांची.

८० वॅट कमी आहेत का? अजिबात नाहीत. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ८० आणि १०० वॅटमधला फरक जेमतेम १ डेसिबलचा, कानाला तो कळतही नाही. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो ते, बघा. ८५ डेसिबलऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतलात, तर अर्ध्या ताकदीत तेवढाच आवाज मिळतो. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हरला ते चालतात का, हे मात्र विचारून घ्या.

जोडण्या आणि बाकीच्या गोष्टी

तुम्ही मुख्यतः टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमे पाहत असाल, तर आवाज टीव्हीकडून उलटा रिसीव्हरकडे यायला हवा. हे काम एचडीएमआयमधली एआरसी ही सोय करते. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस दाबून छोटा केलेला असतो, तो साध्या एआरसीतूनही येतो. ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा अ‍ॅटमॉस टीव्हीमार्गे आणायचा असेल तर ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागते. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडला की तोही प्रश्न उरत नाही. ऑप्टिकल केबल मात्र जुनी सोय आहे. तिच्यातून ५.१ येतं, अ‍ॅटमॉस येत नाही.

घरात गेम खेळणारं कोणी असेल तर ४के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) पुढे पाठवणारे पोर्ट किती आहेत ते विचारा. रिसीव्हरवर सहा पोर्ट असले तरी बऱ्याचदा त्यातले दोन-तीनच तसे असतात. शिवाय २०२० मध्ये आलेल्या काही रिसीव्हरच्या एचडीएमआय चिपमध्ये नेमका याच सिग्नलचा दोष होता. सेकंडहँड घेताना त्या वर्षीचं मॉडेल असेल तर कन्सोल लावून दाखवा म्हणावं.

खोलीनुसार आवाज जुळवून देणारी यंत्रणा हवीच. डेनॉन आणि मॅरँट्झमध्ये ऑडिसी असते, यामाहात वायपीएओ, ऑन्कियोच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत डिरॅक. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत भाव करताना शे-पाचशेसाठी घासाघीस जरूर करा, पण पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी सोडू नका.

अमेरिकेतून येणारी बहीण किंवा भाचा स्वस्तात रिसीव्हर आणतो म्हणाला, तर मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज आधी विचारा. तिथलं यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावलं तर पहिल्याच झटक्यात जळतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतं, पण तो ट्रान्सफॉर्मर जड, गरम होणारा, आणि वॉरंटी तर इथे चालतच नाही. मला हा सौदा पटत नाही.

घरी आणल्यावर

रिसीव्हर गरम होतो, ते त्याचं कामच आहे. सुतार टीव्ही युनिट बनवतो तेव्हा कप्प्याला मागून प्लाय आणि पुढून काच लावून मोकळा होतो. त्याला सांगा, मागची बाजू उघडी ठेव आणि वर चार-पाच इंच जागा सोड. रिसीव्हरवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका.

स्पीकरला तार १.५ चौरस मिलिमीटरची पुरते, अंतर लांब असेल तर २.५ ची. फार महागडी तार घ्यायची गरज नाही. टोक सोलल्यावर आतले तांब्याचे केस घट्ट पिळा आणि एकही केस बाहेर डोकावत नाही ना, ते टॉर्च लावून बघा. प्लस-मायनस दोन्हीकडे सारखं हवं. एका स्पीकरला उलटं लागलं तर आवाज येतो, पण खालचा सूर पोकळ होतो.

मग रिसीव्हरसोबत आलेला माइक लावून खोलीची मोजणी करा. पंखा आणि एसी बंद, खिडक्या बंद, प्रेशर कुकर चालू नसावा. माइक सोफ्याच्या पाठीवर किंवा हातात नको. स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. सबवूफरवरचं व्हॉल्यूमचं बटण मध्यावर आणि क्रॉसओव्हरचं (कोणत्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे जातो त्या सीमेचं) कमाल आकड्यावर ठेवा. मोजणी झाल्यावर सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे खालचे सूर सबवूफरकडे सोपवणारे) आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ करा. इथून सुरुवात चांगली होते. सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं जातं, ते दुरुस्त करायला जाऊ नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला जो उशीर होतो, तो त्या अंतरात धरलेला असतो.

आवाजच येत नाही

आधी एआरसीची केबल बघा. टीव्हीवर एआरसी लिहिलेला पोर्ट एकच असतो. रिसीव्हरवर ती केबल टीव्हीकडे जाणाऱ्या आउटपुटच्या पोर्टात हवी, कारण एआरसी तिथेच असतं. पुष्कळ जण ती इनपुटमध्ये लावतात. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना हुकूम देतात ती सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिमप्लिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये रिसीव्हर निवडा.

ओटीटीवर आवाज आहे, पण पेनड्राइव्हवरचा एखादा सिनेमा मुका, असं असेल तर त्याचा आवाजाचा ट्रॅक बहुधा डीटीएस या प्रकारचा आहे. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. रिसीव्हर शाबूत आहे, पेनड्राइव्ह वाजवणारा प्लेअर थेट त्याला जोडा.

चित्र येतं-जातं, मध्येच काळं होतं, तेव्हा यंत्रांची आपसातली ओळखपरेड फसलेली असते. रिमोटने बंद करून भागत नाही. टीव्ही, रिसीव्हर, बॉक्स, सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर, शेवटी बॉक्स चालू करा. तरीही तेच झालं तर छोटी, चांगली केबल लावून बघा. केबल बदलताना सेटिंगला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच दोष कुठे आहे ते कळतं.

संवाद ऐकू येत नाहीत

ही तक्रार सगळ्यात जास्त असते. संवाद आला की आवाज वाढवा, मारामारी आली की कमी करा, असा रिमोटचा खेळ रात्रभर चालतो. रिसीव्हरचं इन्फोचं बटण दाबा आणि येणारा सिग्नल काय आहे ते वाचा. पीसीएम २ चॅनल (म्हणजे साधा स्टिरिओ) दिसत असेल आणि सिनेमा ५.१ चा असेल, तर टीव्ही आवाज गाळून पाठवतोय. टीव्हीच्या डिजिटल आउटपुटमध्ये ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडा. मूळ आवाजच स्टिरिओ असेल, जसा बऱ्याच वाहिन्यांचा असतो, तर ‘डॉल्बी सराउंड’ मोड लावा, संवाद सेंटरला येतात. ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ लावू नका. सगळीकडून तेच वाजतं आणि शब्द गिचमिड होतात.

सिग्नल ठीक असेल तर सेंटर स्पीकर कुठे ठेवलाय ते पाहा. कप्प्याच्या आत ढकललेला असेल तर अगदी कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड किंचित वर, कानाकडे करा. पुढच्या कडेखाली रबराचे दोन तुकडे सरकवले तरी पुरतं. मग सेंटरची पातळी २-३ डेसिबलने वाढवा. रात्री घरची माणसं झोपलेली असताना डायनॅमिक रेंज कम्प्रेशन (मोठे आणि हळू आवाज जवळ आणणारी सोय) चालू करा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर लिप-सिंकचं सेटिंग पाहा. मात्र त्यात आवाज फक्त मागे ढकलता येतो. आवाजच उशिरा येत असेल तर तिथला विलंब शून्य करा.

रिसीव्हर आपोआप बंद पडतो

दिवा लाल लुकलुकतो, ‘प्रोटेक्ट’ असं दिसतं, आणि घरात एकच घबराट. हा बहुतेक वेळा तारेतला शॉर्ट असतो. असं करा:

१. रिसीव्हरचा प्लग काढा आणि मागच्या सगळ्या स्पीकरच्या तारा सोडवा.
२. एकही स्पीकर न लावता तो चालू करा. तरीही बंद पडला तर दोष आत आहे, सर्व्हिस सेंटरला न्या.
३. चालू राहिला तर बंद करून, प्लग काढून एक स्पीकर जोडा, पुन्हा चालू करा. असं एकेक करत जा. ज्या स्पीकरला बंद पडेल त्याची तार किंवा तो स्पीकर दोषी.
४. मल्टिमीटर असेल तर रिसीव्हरपासून सोडवलेल्या त्या तारेची दोन टोकं मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५ ते ७ ओहम दाखवतो. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आवाज वाढवल्यावरच बंद पडत असेल तर आधी हवा खेळते का बघा. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ वीज साठलेली असते. पाल आणि झुरळं मात्र जाळीतून उबेला आत शिरतात, त्यामुळे वास किंवा घाण दिसली तर मेकॅनिककडून साफ करून घ्या.

सबवूफरमधून सतत गुणगुण

डिश किंवा केबलची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. गुणगुण थांबली तर त्या वायरीमुळे अर्थिंगला दुसरी वाट मिळून फेरा तयार होतो आहे. बॉक्स, टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डावर घ्या, नाहीतर त्या वायरीवर आयसोलेटर (हा फेरा तोडणारा जोड) लावा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कधीही कापू नका. जिवावर बेतू शकतं.

त्याच वायरीचा पावसाळ्यात दुसरा धोका असतो. विजा कडकडायला लागल्या की आपण प्लग काढतो, पण डिशची वायर आणि ब्रॉडबँडची लॅन केबल तशीच राहते. वीज त्यांच्यातून बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमार्गे रिसीव्हरमध्ये शिरते आणि पोर्टच जातात. प्लगबरोबर त्याही काढा.

एवढं करूनही अडलं तर फॅक्टरी रीसेट करा. त्याआधी सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सर्व्हिस सेंटरला जाताना कोणत्या इनपुटवर, कोणत्या केबलने, काय करून पाहिल्यावर काय झालं, ते कागदावर लिहून न्या. बिलाची झेरॉक्स आणि रिमोट द्या. माइक घरीच ठेवा. तो त्या मॉडेलसाठी जुळवलेला असतो आणि हरवला तर दुसऱ्या कुठल्याही माइकने मोजणी नीट होत नाही.