मीठ टाकून ओढ्याचा विसर्ग मोजताना या चुका टाळा

सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या ओढ्यात प्रवाहमापक पंखा चालवण्याजोगा सरळ काटछेद क्वचितच मिळतो. तिथे विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, मोजायला मिठाची पद्धत खरंच उपयोगी. वजन केलेलं मीठ एकदम सोडायचं आणि खालच्या अंगाला मीटरचा प्रोब (पाण्यात बुडवायचा भाग) ठेवून विद्युतवाहकता दर ५ सेकंदांनी मायक्रोसीमेन्समध्ये नोंदवायची. वाढलेल्या वाहकतेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मापांकन गुणकाने (वाहकता १ मायक्रोसीमेन्सने वाढते तेव्हा लिटरमागे किती मिलिग्रॅम मीठ असतं तो आकडा) गुणायचं आणि मिठाच्या मिलिग्रॅमना त्याने भागायचं. १ किलो मीठ, गुणक ०.५, क्षेत्रफळ २०,००० असेल तर विसर्ग सेकंदाला १०० लिटर, म्हणजे साधारण साडेतीन क्युसेक.

उत्तर फारच मोठं आलं तर आधी मीठ कुठे हरवलं ते शोधा. हिशेबात सगळं मीठ धरलेलं असतं. प्रोबपर्यंत कमी पोचलं की क्षेत्रफळ घटतं आणि विसर्ग फुगतो. कोरडं मीठ थेट ओढ्यात टाकलं की खडे गोट्यांच्या फटीत अडकून सावकाश विरघळतात. १ किलोसाठी ५-६ लिटर ओढ्याचंच पाणी बादलीत घ्या आणि तळाशी एकही कण राहणार नाही इतकं ढवळा. पावसाळ्यात फोडलेली पुडी ओल धरते, मग मिठाबरोबर पाणीही तोललं जातं. वाटेत डोह असेल तर मीठ त्यात रेंगाळतं, आलेखाचं शेपूट लांबतं आणि कंटाळून नोंद थांबवली की तेवढं क्षेत्रफळ गेलं.

मूळ वाहकता एकदाच बघून चालत नाही. १ मायक्रोसीमेन्सची चूक दर सेकंदाला साठत क्षेत्रफळात १५ मिनिटांत ९०० होते, वरच्या उदाहरणात साडेचार टक्के. मीठ सोडण्याआधी आणि मिठाची लाट ओसरल्यावर, दोन्ही वेळा नोंद घ्या. फरक पडला तर दोन्हींमध्ये सरळ रेषा धरा.

मिसळण्यासाठी पात्राच्या रुंदीच्या २५ पट अंतर ही फक्त सुरुवात. दोन्ही काठांना प्रोब लावा आणि क्षेत्रफळं ताडून बघा, शिखरं नव्हे. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर आणखी खाली सरका. आकडे मध्येच खाली कोसळत असतील तर प्रोब फेसात आहे; बुडबुडे नसलेल्या, पण वाहत्या पाण्यात तो ठेवा.

गुणक ०.५ च्या आसपास असतो, तरी जागेवर काढा. १ लिटर पाण्यात त्याच पुडीतलं १० ग्रॅम मीठ विरघळवा. ओढ्याच्या मोजून घेतलेल्या १ लिटर पाण्यात या द्रावणाचा १-१ मिलिलिटर पाच वेळा घाला. दर खेपेला वाहकता सुमारे २० ने वाढायला हवी. भांडं ओढ्यातच टेकवून ठेवा, कारण उन्हात तापलं तर दर अंशाला वाहकता सुमारे २ टक्के बदलते. मीटरची तापमान दुरुस्ती गुणक काढताना आणि ओढ्यात मोजताना, दोन्ही वेळा चालू किंवा दोन्ही वेळा बंद हवी.