ॲसिडिटी आणि पोटदुखीवर आयुर्वेदिक उपाय करताय? आधी या चुका टाळा

छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं, वरच्या पोटात सारखं दुखणं, हे सगळं लोक महिनोन्महिने अंगावर काढतात आणि मग माझ्याकडे येतात ते पिशवीभर डबे घेऊन. एक चूर्ण मावशीने सांगितलेलं, एक व्हिडिओत बघितलेलं, एक दुकानदाराने दिलेलं, सगळे डबे अर्धे. वैद्य म्हणून मी रोज हेच बघते. औषधं बहुतेक वेळा चांगलीच असतात, पण कुणाला, कधी आणि किती दिवस हे कुणी विचारलेलंच नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखतंय कशाने हे न बघताच ‘पित्त झालंय’ म्हणून मोकळं व्हायचं. एक काकू आल्या होत्या, साठीच्या आसपास. गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर घ्यायच्या, तीही स्वतःच्याच मनाने आणि बऱ्याचदा रिकाम्या पोटी. पोट दुखायला लागलं तसं मुलाने ऑनलाइन चूर्ण मागवलं, मग दुसरं, मग शंखभस्म. शंखभस्म म्हणजे शेवटी कॅल्शियमचा क्षार, त्याने ॲसिड मरतं आणि जळजळ थांबते, त्यामुळे त्यांना वाटलं गुण येतोय, पण पेनकिलरने पोटात झालेली जखम तशीच होती आणि पेनकिलरही चालूच. माझ्याकडे आल्या तेव्हा दोन पायऱ्या चढून धाप लागलेली, पापणी खाली ओढून बघितली तर पांढरीफटक. संडासचा रंग विचारला तर म्हणाल्या, ‘डॉक्टर, काळीच होते हल्ली, डांबरासारखी, चूर्णामुळे असेल म्हणून लक्ष नाही दिलं.’ मी एक पुडीसुद्धा दिली नाही, तशीच गाडी काढायला लावून हॉस्पिटलला पाठवलं. एंडोस्कोपीत जठरात अल्सर, त्यातून रक्त जात होतं, रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. वाचल्या, पण आणखी आठवडाभर कुणी चूर्णच देत राहिलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

म्हणून माझी सवय अशी की पहिल्या भेटीत जीभ आणि नाडीच्या आधी मी चालू गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवायला लावते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यातलं काही आहे का ते बघते (हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं). काळी संडास, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं एक जरी असेल तरी आधी तपासणी, मग आयुर्वेद. जळजळीबरोबर घाम फुटला, जबडा किंवा हात दुखायला लागला तर ओवा चघळत बसू नका, थेट ईसीजी काढायला जा. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जात असेल तर पित्ताशयातले खडे असू शकतात, सोनोग्राफी करून घ्या. आणि एच. पायलोरी नावाचा जंतू, जो 1982 मध्ये वॉरन आणि मार्शल यांनी शोधला आणि ज्यासाठी 2005 चं नोबेल मिळालं, तो अल्सरच्या मागे असेल तर त्याला अँटिबायोटिकचा कोर्स लागतो. माझ्या क्षेत्रातल्या काहींना हे आवडत नाही, पण पेशंटचं पोट महत्त्वाचं.

दुसरी चूक अविपत्तिकर चूर्णाची, आणि हिचा मला मनापासून वैताग आहे. चूर्ण अप्रतिम आहे, ऊर्ध्वग अम्लपित्तात, म्हणजे वर आंबट-कडू येतं त्यात, मी स्वतः भरपूर वापरते. पण लोक ते बडीशेपेसारखं दिवसातून तीनदा, महिनोन्महिने खातात. भैषज्यरत्नावली या आयुर्वेदाच्या ग्रंथातली कृती काढून बघा, एकूण 132 भागांत 66 भाग साखर, 44 भाग निशोत्तर आणि 11 भाग लवंग आहे. निशोत्तर रेचक आहे, म्हणजे हे चूर्ण पित्त खाली काढतं, ते रोजचं मुखशुद्धीचं औषध नाही. मग जुलाब होतात, अशक्तपणा येतो आणि खापर आयुर्वेदावर फुटतं. शिवाय निम्मी साखर असते हे डायबेटिसवाल्यांना कुणी सांगतच नाही. मी थोडेच दिवस देते, जेवणाआधी साध्या पाण्याबरोबर, आणि पोट मुळातच पातळ होत असेल किंवा बाई गरोदर असेल तर देतच नाही.

सूतशेखर हे पित्तावरचं आयुर्वेदिक औषध स्वतःहून आणू नका. त्यात पारा, वत्सनाभ नावाचं विषारी मूळ आणि धोत्र्याचं बी असतं, शुद्ध केलेलं असलं तरी ही द्रव्यं कायद्यातल्या ई-1 या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात.

जेष्ठमध पोटाला छान, पण आठवडेच्या आठवडे घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, पायाला सूज येते. बीपीवाल्यांनी तर लांबच राहावं.

सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध, ॲसिडिटी असताना? बंद करा. मध गरम करू नये हे चरकानेच सांगितलंय.

थंड दूध प्यायलं की घटकाभर बरं वाटतं, मग ॲसिड परत वाढतं, त्यामुळे रोजचा उपाय म्हणून नको.

उपवासाचं तर विचारूच नका. दिवसभर चहावर काढायचा आणि संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर वेफर्स, आणि रात्री अकराला फोन की मॅडम खूप जळजळतंय. एकादशी दुप्पट खाशी असं करायचं असेल तर उपवास न केलेला बरा. पित्ताच्या माणसाने राजगिऱ्याच्या लाह्या दुधातून खाव्यात, भगर मऊ शिजवावी, चहा सोडावा.

मी सुरुवात नेहमी धन्याच्या हिमाने करते. 10 ग्रॅम धने भरड कुटायचे, 60 मिली पाण्यात रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळून थोडी खडीसाखर घालून प्यायचं. उकळायचं नाही, लोक घाईत उकळतात आणि मग तो काढा होतो. जोडीला जेवणाची वेळ ठरलेली, रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास, डाव्या कुशीवर झोप. दोन आठवडे एवढंच करा म्हटलं की चार दिवसांत फोन येतो, काही फरक नाही हो. महिनोन्महिने बिघडलेलं चार दिवसांत बसत नाही, आणि दर चार दिवसांनी औषध बदलणाऱ्याला कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

आयुर्वेद सुरू केला म्हणून पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी एका दिवसात फेकून देऊ नका. बरेच महिने घेतलेली असेल तर एकदम सोडल्यावर ॲसिड उसळी मारून वर येतं आणि माणसाला वाटतं आजार वाढला. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याशी बोलून हळूहळू कमी करा. एच. पायलोरीची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर मात्र ही गोळी आधी दोन आठवडे बंद असावी लागते, त्यामुळे तपासणीची तारीखही त्यांनाच विचारून ठरवा.