माफियावरची खरी पुस्तकं वाचायचीत? मग सुरुवात इथून करा

गॉडफादर पाहून झाला की खरं काय होतं ते वाचावंसं वाटतंच, आणि मग डेक्कनला किंवा एफसी रोडला जुन्या पुस्तकांच्या ढिगात कव्हरवर बंदूक आणि हॅट दिसली की लोक ते उचलतात. तसं करू नका. आधी मागची पानं उघडा, संदर्भ दिलेत का, नावांची सूची आहे का बघा. मग बघा की सांगणारा कोण आहे. टोळीतला, पोलिस, पत्रकार की इतिहासकार? या विषयात सगळं त्यावरच ठरतं, कारण टोळीतला माणूस बोलतो तो बहुतेक वेळा स्वतःची शिक्षा वाचवायला.

पहिलं पुस्तक माझ्या मते अलेक्झांडर स्टिलचं एक्सलंट कॅडेव्हर्स. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहराचे तपास न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांची गोष्ट. फाल्कोने बँकेचे चेक आणि कागद तपासत पैशाच्या मागे गेला, 1984 मध्ये माफियातलाच बुशेत्ता माफीचा साक्षीदार होऊन बोलायला लागला, फेब्रुवारी 1986 मध्ये तुरुंगाला लागून खास बांधलेल्या बंकरसारख्या कोर्टात माफियावर खटला उभा राहिला आणि 1987 च्या डिसेंबरात 300 हून जास्त जणांना शिक्षा झाली. जानेवारी 1992 मध्ये वरच्या कोर्टाने निकाल कायम केला. त्याच वर्षी मे महिन्यात माफियाने हायवेखाली स्फोट करून फाल्कोनेला मारलं, सोबत बायको आणि तीन अंगरक्षक गेले, आणि 57 दिवसांनी बोर्सेलिनो. हे आधी वाचा म्हणतो ते यासाठी की या माणसांनी काय किंमत मोजली ते एकदा कळलं की पुढच्या पुस्तकांतल्या गँगस्टरच्या रुबाबाला तुम्ही भुलणार नाही.

वाचताना वहीत नावं लिहा, नावापुढे गाव आणि तो कोणाच्या बाजूचा ते. रीना, प्रोवेन्झानो, बागारेल्ला हे तिघेही माफिया म्होरके सिसिलीतल्या कोर्लेओने गावचे, हे लक्षात राहिलं तरी अर्धा गोंधळ संपतो.

मग जॉन डिकीचं कोसा नोस्त्रा, म्हणजे सिसिलीच्या माफियाचा इतिहास. 19व्या शतकात पालेर्मोभोवतीच्या लिंबाच्या बागांत पैसा होता, नवं सरकार कमजोर होतं, आणि रखवालीच्या नावाखाली बागवाल्यांकडून हप्ता कसा सुरू झाला ते इथे नीट कळतं.

अमेरिकेसाठी दोन पुस्तकं जोडीने वाचा. पिलेजीचं वाइजगाय, त्यातला हेन्री हिल बापाकडून आयरिश म्हणून इटालियनांच्या टोळीचा पूर्ण मेंबर कधीच होऊ शकला नाही, आणि पकडला गेल्यावर सरकारचा साक्षीदार झाला. दुसरं डॉनी ब्रॅस्को, एफबीआयचा जो पिस्टोन वेष बदलून वर्षानुवर्षं त्यांच्यात राहिला त्याचं. एकाच न्यूयॉर्कचे दोन साक्षीदार, दोघांचे हेतू वेगळे, म्हणून ताडून बघता येतं. सेल्विन रॅबचं फाइव्ह फॅमिलीज जाडजूड आहे, सलग वाचायचा हट्ट नको, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1970 चा रिको कायदा आणि न्यूयॉर्कच्या माफियाची पाच घराणी कशी खिळखिळी झाली तेवढं काढून वाचलं तरी चालेल.

सावियानोचं गोमोरा शेवटी ठेवा. ते इटलीतल्या नेपल्सच्या कामोर्रा या गुन्हेगारी टोळ्यांवर आहे, सिसिलीशी त्याची सरमिसळ करू नका. रिपोर्टिंग आणि गोष्ट त्यात एकमेकांत मिसळलेली आहेत, त्यामुळे एखादी घटना तिथली सांगायची तर आधी दुसरीकडे पडताळा. पण वाचाच, लेखक 2006 पासून पोलिस संरक्षणात राहतोय.