विशेष मुलासाठी मदतनीस कुत्रा निवडताना

विशेष गरजा असलेल्या मुलासाठी मदतनीस कुत्रा मिळावा म्हणून अर्ज करण्यापूर्वी पालकांनी कुत्र्याकडून नेमके कोणते काम हवे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘मुलाला सोबत होईल’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण सोबतीसाठी शांत स्वभावाचा पाळीव कुत्राही चालतो. ‘आकडी आल्यावर भुंकून घरच्यांना बोलवावे’ किंवा ‘व्हीलचेअरवरून पडलेली वस्तू उचलून द्यावी’ अशी कामे मात्र शिकवता येतात आणि तपासताही येतात.

अपेक्षा वाजवी ठेवाव्यात. आकडी येण्याआधीच काही कुत्र्यांना तिची चाहूल लागते असे अनुभव सांगितले जातात, पण तशी हमी कोणी देत असेल तर सावध राहावे. मधुमेहाच्या बाबतीतही कुत्र्याने वासावरून इशारा दिला, तरी साखर यंत्रानेच तपासायची असते.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत मुख्य काळजी असते ती मूल अचानक हात सोडून पळण्याची. त्यासाठी काही संस्था तिघांची रचना शिकवतात : कुत्र्याचा पट्टा मोठ्या माणसाच्या हातात असतो आणि मुलाच्या कमरेचा पट्टा एका छोट्या दोरीने कुत्र्याच्या हार्नेसला (छातीभोवती बांधलेल्या पट्ट्यांना) जोडलेला असतो. मूल उसळून पुढे गेले की कुत्रा चारही पाय रोवून जागीच थांबतो आणि तेवढ्या अवधीत पालकाला मुलापर्यंत पोहोचता येते. मोठे माणूस हजर नसताना मुलाला कुत्र्याशी कधीही जोडू नये, आणि दोरीची कडी एका हाताने झटकन सुटते की नाही हे घराबाहेर पडण्यापूर्वी रोज पाहावे. सर्वच संस्था ही पद्धत वापरत नाहीत, तेव्हा त्यांचे मत आधीच विचारावे.

संस्था निवडताना मदतनीस कुत्री तयार करणाऱ्या संस्थांच्या ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता तिला आहे का, हे पाहणे उपयोगी ठरते. इंटरनेटवर विकत मिळणारे प्रमाणपत्र आणि मदतनीस कुत्र्याला कामावर असताना घालतात ते जाकीट यांनी कुत्रा प्रशिक्षित होत नाही. प्रशिक्षणाला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात, त्यात अनेक कुत्री गळतात आणि प्रतीक्षायादी बहुधा लांब असते. म्हणून ‘लगेच देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा थांबायला लावून मुलाची बारकाईने चौकशी करणारी संस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते. कुत्रा सोपवल्यानंतर प्रशिक्षक घरी येऊन पाहणी करणार का आणि जोडी जुळली नाही तर पुढे काय, हेही करारात असावे.

दरम्यान मुलाची वेगवेगळ्या कुत्र्यांशी थोडा थोडा वेळ भेट घडवावी. भुंकण्याचा आवाज, ओले नाक किंवा अंगाचा वास काही मुलांना अजिबात सहन होत नाही आणि ॲलर्जीही तेव्हाच लक्षात येते.

कुत्रा घरी आला की खाणे, स्वच्छता, पशुवैद्य आणि आज्ञांचा रोजचा सराव हे सारे मोठ्यांकडेच राहते. जाकीट उतरवल्यावर त्याला मोकळे खेळू द्यावे, आणि मूल त्याची शेपटी ओढू लागले तर त्याला उठून जाता येईल अशी स्वतंत्र जागा ठेवावी. शाळेत न्यायचे असल्यास तिथे पट्टा कोण धरणार, हे शाळेशी आधीच लेखी ठरवावे. शिक्षकांनी जमेल तसे सांभाळावे, असे गृहीत धरू नये. कुत्र्याची सेवा साधारण आठ ते दहा वर्षे चालते, तेव्हा निवृत्तीनंतर तो याच घरी राहील की संस्थेकडे परत जाईल, हे कुत्रा घेतानाच विचारून घ्यावे.