फाइल आहे, पण उघडत नाही: डिजिटल काम जपताना या चुका टाळा

परवा एका जुन्या कवितासंग्रहाची फाइल उघडली. फाइल शाबूत होती, पण पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची नुसती खिचडी. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षरं ओळखू येणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, नव्हता आणि तो जुना फाँट नव्या मशीनवर नव्हता. कन्व्हर्टरनं बरंचसं परत आणलं, पण रफार आणि जोडाक्षरं ओळीन् ओळ वाचून हातानं लावावी लागली. तुमच्याकडे असं काही असेल, तर फाँट चालतोय तोवरच मजकूर युनिकोडमध्ये घ्या. ताडून पाहायला पानांची पीडीएफही काढून ठेवा.

सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहणं ही तशीच चूक. ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि त्यातली कितीतरी ॲनिमेशनं ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली. मूळ फाइल ठेवाच, पण काम संपलं त्याच दिवशी चित्राची टिफ, ध्वनीची वेव्ह आणि पानांची पीडीएफ/ए प्रतही काढा. पीडीएफ/ए हा दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार, त्यात फाँट फाइलच्या आतच बसवलेले असतात. जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह करत गेलं की दर खेपेला थोडा तपशील जातो, म्हणून मूळ प्रत म्हणून ती नको.

सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे ‘क्लाउडवर आहे ना!’ सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर फोल्डर डिलीट झालं की तिकडूनही जातं, आणि रिसायकल बिनची मुदत संपल्यावर हाती काही उरत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम मला अजूनही सर्वांत भरवशाचा वाटतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका, वीज न मिळाल्यास तिच्यातला डेटा विरू शकतो. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका. सहा महिन्यांनी त्यातल्या चार-दोन फाइली दुसऱ्याच मशीनवर उघडून बघा.

‘फायनल_नवीन_खरंच_फायनल’ अशी नावं देऊ नका. आधी तारीख, मग कामाचं नाव, मग आवृत्ती.

पासवर्ड फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवणं ही शेवटची चूक. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. त्याच गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे: खातं ठरावीक काळ वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला कळवण्याची आणि डेटा देण्याची सोय. तिथे विश्वासातल्या माणसाचं नाव आजच भरा, आणि कुठल्या डिस्कवर काय आहे याचा एक कागद त्याच्या हाती द्या.