मझल ब्रेक घेण्याआधी: रायफलचा धक्का आणि नळीची उसळी

रायफलच्या तोंडाला लावायच्या साधनांची नावं दुकानात सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि गिऱ्हाइकाचे पैसे तिथेच वाया जातात. साधनं तीन, कामं तीन. मझल ब्रेक खांद्यावर बसणारा धक्का कमी करतो. कॉम्पेन्सेटर बार उडाल्यावर वर उसळणारी नळी खाली दाबतो. फ्लॅश हायडर तोंडाशी दिसणारी ज्योत विखरून टाकतो; धक्क्याशी त्याचा फारसा संबंध नाही. एकाच तुकड्यात दोन कामं करणारी साधनंही असतात, पण घेताना आपल्याला मुख्य त्रास कशाचा आहे हे आधी ठरवा: खांदा दुखतो, की बारानंतर निशाण दुर्बिणीतून निसटतं?

धक्क्याचा हिशेब

धक्का दोन वाटांनी येतो. पहिला वाटा गोळीचा. ती पुढे जाते म्हणून रायफल मागे येते, आणि नळीच्या तोंडाला काहीही लावलं तरी हा वाटा कमी होत नाही. दुसरा वाटा जळालेल्या दारूच्या वायूचा. गोळी बाहेर पडली की तिच्या मागोमाग हा वायू गोळीपेक्षाही वेगाने सुटतो. बागेला पाणी सोडताना पंपाचा पाइप हातात मागे रेटतो, तसाच हा रेटा. ब्रेक फक्त या दुसऱ्या वाट्यावर काम करतो: वायू सरळ पुढे जाऊ न देता बाजूला किंवा तिरका मागे वळवतो.

म्हणून घेण्याआधी आपल्या काडतुसात वायूचा वाटा किती, हे काढा. त्यासाठी चार आकडे लागतात: गोळीचं वजन, दारूचं वजन, गोळीचा वेग आणि रायफलचं वजन. वायूचा वेग ढोबळमानाने गोळीच्या दीडपट धरा.

.३०-०६ च्या जातीचं काडतूस घेऊ. गोळी ९.७ ग्रॅम, दारू ३.२ ग्रॅम, वेग सेकंदाला ८५० मीटर, रायफल ३.८ किलो. गोळीचा संवेग ०.००९७ गुणिले ८५०, म्हणजे ८.२. वायूचा ०.००३२ गुणिले १२७५, म्हणजे ४.१. एकूण १२.३. त्याला ३.८ ने भागलं की रायफल सेकंदाला ३.२ मीटर वेगाने मागे येते, आणि त्या हालचालीतली ऊर्जा साधारण २० ज्यूल भरते. आता वायूचा वाटा पूर्ण काढून टाका. वेग २.२ वर येतो आणि ऊर्जा ९ ज्यूल. वायूचा वाटा एक तृतीयांशच होता, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते म्हणून खांद्यावरचा मार निम्म्याहून खाली आला. प्रत्यक्षात सगळा वायू वळत नाही. चांगल्या ब्रेकने ३० ते ५० टक्के ऊर्जा कमी झाली तर काम झालं समजा.

हाच हिशेब .२२ ला लावून बघा. गोळी २.६ ग्रॅम, दारू जेमतेम ०.१ ग्रॅम. वायूचा वाटा सुमारे ५ टक्के. इथे ब्रेक म्हणजे नळीच्या टोकाला लावलेलं वजन, बाकी काही नाही. शिवाय आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत रायफलला मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर दोन्ही चालत नाहीत, त्यामुळे ५० मीटर प्रोनची (झोपून मारायच्या स्पर्धेची) तयारी करणाऱ्या मुलांनी या वाटेला जाऊच नये.

आणि बारा बोअर. मंडणगडापासून दोडामार्गापर्यंत शेतसंरक्षणाच्या परवान्यावर प्रामुख्याने हीच बंदूक, नाहीतर ठासणीची. छर्रे आणि गट्टा मिळून ३५ ग्रॅम, दारू १.८ ग्रॅम, वेग सेकंदाला ४०० मीटर धरा: वायूचा वाटा ७ टक्के. बारा बोअरच्या नळीला भोकं पाडून धक्का कमी होईल असं कुणी सांगितलं तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा. दस्त्याला जाड रबरी पॅड लावणं आणि हलक्या भाराचं काडतूस घेणं, हे दोन उपाय जास्त गुण देतात. ठासणीच्या बंदुकीला तोंडाशी काहीच लावायचं नाही. तोंडातूनच भरायची ती.

नळी का उसळते

नळीचा अक्ष दस्ता खांद्याला टेकतो त्या जागेच्या वर असतो. हे अंतर ५ सेंटिमीटर असलं तरी धक्का रायफलला नुसता मागे ढकलत नाही, खांद्याभोवती फिरवतोही. तोंड वर जातं. दस्ता जितका खाली वाकलेला, तितकी उसळी जास्त. दस्ता नळीच्या रेषेत सरळ असलेल्या रायफली कमी उसळतात ते यामुळेच.

कॉम्पेन्सेटरला इथे मोठा फायदा मिळतो, कारण तो खांद्यापासून मीटरभर लांब बसतो. वरच्याच उदाहरणात १२.३ चा धक्का ५ सेंटिमीटरच्या तरफेवर काम करतो, तर वर सोडलेला वायू एक मीटरच्या तरफेवर. गणित केलं तर एकूण वायूच्या सातव्या हिस्स्याएवढा रेटा वर सोडला तरी उसळी जवळपास जागेवर थांबते. म्हणून वरच्या बाजूला दोन-तीन बारीक भोकं पुरतात. मोठी भोकं पाडली की तोंड खाली आपटतं, आणि खाली गेलेलं निशाण शोधणं वर गेलेल्यापेक्षा सोपं नसतं. बारा बोअरमध्ये मात्र याच कामाला निम्म्याहून जास्त वायू वर सोडावा लागेल. तो तेवढा वळत नाही.

उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याची नळी नुसती वर जात नाही, वर आणि उजवीकडे जाते. एकेएम या कलाश्निकोव्ह जातीच्या रायफलच्या तोंडाचा तिरपा कापलेला तुकडा याच हिशेबाने किंचित फिरवून बसवलेला असतो. तो तोंडाला खाली आणि डावीकडे रेटतो. डावखुऱ्याला तोच तुकडा उलटा त्रास देतो.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: ब्रेक लावला की नेम सुधारतो. गोळी नळीत मिलिसेकंद-दीड मिलिसेकंदच असते, आणि ब्रेक काम करू लागतो तेव्हा ती बाहेर पडत असते. त्या गोळीला ब्रेकचा उपयोग नाही. उपयोग पुढच्या गोळीला होतो, आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना अंग चोरण्याची सवय सुटायला होतो. हा दुसरा फायदा खरा मोठा.

आधी फुकटचे उपाय

रायफलमध्ये ४०० ग्रॅम वजन वाढवलं (३.८ चे ४.२ किलो) तर धक्क्याची ऊर्जा साधारण १० टक्के घटते. दस्त्याची लांबी खांद्याला जुळवून घ्या. दस्त्याची फक्त खालची टाच खांद्याला टेकत असेल तर उसळी वाढते. पूर्ण पाठ खांद्याच्या खळग्यात बसली पाहिजे. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या रेनकोटवरून दस्ता घसरतो, तेव्हा मधे कापडाची घडी ठेवा.

सड्यावर किंवा उघड्या कातळावर बायपॉड (रायफलचा दोन पायांचा आधार) टेकवला तर जांभा धक्का अजिबात जिरवत नाही, पाय उडतात आणि दोष नळीच्या माथी येतो. खाली वाळू भरलेलं पोतं घाला. पुढचा आधार नळीखालच्या लाकडाला द्या, नळीला कधीच नको.

कोणता ब्रेक

सरळ बाजूला उघडणारी भोकं वायूचा पुढचा रेटा काढून घेतात. मागे झुकलेली भोकं त्याहून पुढे जातात, वायूला मागे वळवून रायफल पुढे ओढतात. पण स्फोटाचा लोटही मारणाऱ्याच्या तोंडावर येतो. सगळ्यात जास्त काम पहिलाच पडदा (वायू ज्यावर आदळून वळतो ती आतली भिंत) करतो, कारण दाब तिथे सर्वात जास्त. तिसऱ्या-चौथ्या पडद्याने भर पडते ती थोडीच, लांबी आणि वजन मात्र वाढतं.

झोपून मारणार असाल तर खालच्या बाजूला भोकं असलेला ब्रेक घेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये जांभ्याची तांबडी धूळ अशी उठते की आपल्याच बाराचा निकाल दिसत नाही. तोंडाखाली ओलं गोणपाट पसरून ठेवा.

आवाजाबद्दल ठामपणे सांगायला हवं. मोठ्या रायफलचा बार मुळातच १५५ ते १६५ डेसिबलचा. ब्रेक मारणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या कानाशी त्यात साधारण ५ ते १० डेसिबलची भर घालतो. १४० च्या वर एका बारानेही कायमचं बहिरेपण येऊ शकतं. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही लावा. दोन्हींचा गुण मात्र बेरजेने मिळत नाही. एकाच्या वर दुसऱ्याने जेमतेम ५ डेसिबल वाढतात. पत्र्याच्या शेडखाली लोट परतून येतो, तेव्हा ब्रेकवाल्याने कडेची जागा घ्यावी आणि बाजूच्याला आधी सांगावं.

बसवून घेताना

नळीवर आटे पाडणं घरचं काम नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे हत्याराची दुरुस्ती आणि फेरफार परवानाधारकाकडूनच करून घ्यायचे. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतल्या पहिल्या वर्गात आवाज किंवा ज्योत कमी करण्यासाठी बनवलेली साधनं येतात, म्हणजे सायलेन्सर आणि फ्लॅश हायडर दोन्ही. ब्रेकसोबत ज्योत कमी करण्याचा दावा छापलेला असेल तर तो तुकडा याच कलमात अडकू शकतो. खरेदीआधी जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर परवान्यासोबत ठेवा. शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा नव्हे, हेही इथेच सांगितलेलं बरं. त्याला वन खात्याची वेगळी परवानगी लागते.

काम हातात आल्यावर तपासायच्या गोष्टी या. आटे नळीच्या आतल्या भोकाशी समकेंद्री हवेत, बाहेरच्या पृष्ठभागाशी नव्हे. जुन्या नळ्यांत या दोन्हींत फरक असतो. ब्रेक आट्यांमागच्या खांद्यावर (नळीवरच्या पायरीवर) टेकला पाहिजे, नळीच्या तोंडाच्या कडेवर नाही. ब्रेकचं भोक गोळीच्या व्यासापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठं हवं. बोल्ट काढून, काडतूस नसल्याची खात्री करून, नळीत घट्ट सरकणारी सरळ सळई मागून घाला आणि ब्रेकच्या तोंडातून बघा: सळईभोवतीची फट सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला नाहीशी होत असेल तर एकही गोळी मारू नका.

वरची भोकं बरोबर वर येण्यासाठी मधे वॉशर घालतात. चेपणारा वॉशर एकदाच वापरायचा. आवळायचा जोर २७ ते ४० न्यूटन-मीटर, आणि आवळताना पकड नळीवर हवी. बोल्टचं घर शिकंज्यात धरून पिळलं तर तो जोर नळी आणि घराच्या जोडावर येतो. आवळून झालं की ब्रेक आणि नळीवर मिळून एक बारीक रेघ ओढा. पाच बारांनंतर रेघ तुटलेली दिसली तर ब्रेक फिरतोय.

टोकाला वजन आल्याने नळीची थरथर बदलते, त्यामुळे गोळी पूर्वीच्या जागी लागणार नाही. रायफल पुन्हा झिरो करा, म्हणजे गोळी निशाणावर लागेल अशी दुर्बीण जुळवा. सगळ्या गोळ्या एकत्र पण सरकून लागत असतील तर हरकत नाही. पण एखाद-दुसरी लांब उडाली, कागदाला गोल भोकाऐवजी आडवी चीर पडली, किंवा ब्रेकच्या पुढच्या कडेला तांब्याची चकाकती रेघ दिसली, तर गोळी ब्रेकला घासते आहे. तिथेच थांबा आणि ब्रेक उतरवा.

गुण आला का, हे मोजायला फोन पुरतो. तोंडाच्या पलीकडे सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी उभी लावा, फोन बाजूला तिवईवर ठेवून सेकंदाला २४० फ्रेमवर चित्रण करा. एकाच डब्यातली काडतुसं, एकच बैठक. पाच बार ब्रेकशिवाय, पाच ब्रेक लावून. तोंड किती चढलं आणि परत जागेवर यायला किती फ्रेम लागल्या, दोन्ही लिहा. तोंड खाली जात असेल तर वरचं एक भोक जास्तीचं आहे; स्क्रूने बंद करता येणाऱ्या कॉम्पेन्सेटरमध्ये ते एकेक करून बंद करता येतं.

खारी हवा

ब्रेकच्या आत साचलेली काजळी दमट हवेतलं पाणी धरून ठेवते. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबरात ब्रेकखालचे आटे आणि नळीच्या तोंडाची कड आतून गंजते, बाहेरून काही कळत नाही. त्या कडेला पडलेला एक खड्डाही गोळी बिघडवतो. बसवतानाच आट्यांना न चिकटू देणारं ग्रीस लावून घ्या. बार झाले त्याच दिवशी आतून सॉल्व्हंट आणि ब्रशने घासा. काळ्या पॉलिशच्या ब्रेकला व्हिनेगर लावू नका, पॉलिश उतरतं. मग तेलाचा पातळ हात. बार काढायच्या आधी तेच तेल नळीतून कोरडं पुसून काढा.

चामड्याच्या किंवा फोमच्या म्यानात पावसाळाभर रायफल ठेवू नका, म्यान ओल धरतं. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करण्याआधी तर ब्रेक नक्की साफ करा, कारण परत हातात यायला आठवडे जातात.

परत आल्यावर पहिलं काम: बोल्ट काढून मागून उजेड बघणं. कुंभारीण माशीला ब्रेकची भोकं घर बांधायला अगदी मापाची वाटतात, आणि तिने भरलेली माती वाळली की सहजी हलत नाही. ती बोटाने उकरू नका, ब्रेक उतरवून भिजवा, आणि नळीतून स्वच्छ गोल उजेड दिसेपर्यंत काडतूस जवळही आणू नका.